माणशी दहा मिनिटं

शुक्रवार, रात्री

मी ट्रेकचा गाइड. सह्याद्रीतल्या अलंग–मदन–कुलंग या तीन किल्ल्यांची तुकडी ठरली की सॅक भरायच्या आधी मी कागदावर गणित मांडतो. पॅचवर, म्हणजे दोर लावून चढायच्या उघड्या कातळावर, एक माणूस चढवायला सरासरी १० मिनिटं लागतात. हार्नेसचं, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं, बकल तपासायचं, दोर लावायचा, माणूस वर घ्यायचा, त्याला अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, बांधायचं आणि दोराचं टोक पुन्हा खाली सोडायचं. या वेळी ९ जण आहेत. अलंग चढा-उतरायचा, मदन चढा-उतरायचा, म्हणजे दोराचे टप्पे चार आणि मिनिटं ३६०. सहा तास नुसते दोरापाशी जाणार. ऑक्टोबरच्या मध्याला उजेड मिळतो तो पावणेबारा तासांचा. उरलेल्या वेळात जंगल, ट्रॅव्हर्स (कड्याच्या पोटातली आडवी वाट), पायऱ्या, जेवण, फोटो आणि कुणाच्या तरी बुटाचा निघालेला सोल. सोल निघतोच. पावसाळाभर माळ्यावर पडून डिंक सुकलेले बूट लोक नेमके याच ट्रेकला काढतात, म्हणून माझ्याकडे सुतळी आणि चिकटपट्टी कायम असते.

माझे बरेच जोडीदार या दिवसांत हिमालयात असतात. तिकडे पावसाळा संपून बर्फ पडायच्या आतले हे सोन्याचे आठवडे. मी मात्र सह्याद्रीतच राहतो, कारण कातळाचा आमचा हंगाम आत्ता उघडतो. पावसात अलंग-मदनचे पॅच करू नयेत. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर दोर असून माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस १० मिनिटांत वर येत नाही. ऑक्टोबरात कातळ सुकलेला, टाकी भरलेली, धुकं हटलेलं. याची किंमत दुपारच्या उन्हात मोजावी लागते. आणि परतीच्या पावसाचा नेम नसतो.

शनिवारी कोजागरी आहे. तुकडीला चांदणं हवंय, मसाला दूध हवंय. पायथ्याच्या आंबेवाडीतल्या मामांना, आमच्या वाटाड्यांना, आठवडाभरापूर्वी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "हळवं भात पिकलंय. सोंगणी सोडून यायाचं म्हंजे..." हळवं म्हणजे लवकर पिकणारं, सोंगणी म्हणजे कापणी. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शेवटी ठरलं की ट्रेकचे दिवस ते माझ्याकडे येतील आणि त्यानंतर एक दिवस मी त्यांच्या वावरात जाईन. या हंगामात गावातला जाणता माणूस मिळणं हेच सगळ्यात अवघड. बाकी दोर-बीर दुकानात मिळतो.

मुंबईची मंडळी शेवटच्या कसारा लोकलने आली, मी नाशिकहून जीप घेऊन. पहाटे तीनला कसारा स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटलो. पहिल्या भेटीत मी चेहरे बघत नाही. बूट बघतो, सॅकच्या बाहेर काय काय लटकलंय ते बघतो, आणि कोण चहा पिताना गप्प आहे ते बघतो. गप्प माणसाची मला कधी काळजी वाटली नाही. जो टपरीवरच "पॅच किती फुटांचा आहे हो सर?" म्हणून तिसऱ्यांदा विचारतो, त्याच्याजवळ मी जीपमध्ये बसतो.

शनिवार

घोटी सोडून वासाळीमार्गे आंबेवाडीत पोचेपर्यंत फटफटलं होतं. तिन्ही किल्ले गावातून एका ओळीत दिसतात. डावीकडे अलंगचं रुंद पठार, मधे मदनचा आटोपशीर माथा, उजवीकडे कुलंगची लांबलचक भिंत. नव्या माणसाला इथूनच धसका बसतो. त्यामुळे मी पोहे आधी देतो आणि बोट दाखवून किल्ले नंतर सांगतो.

मामांनी पहाटेच तीन लिटर दूध एकदा उकळून कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. दुपारी गुहेत पोचल्यावर पुन्हा उकळायचं, म्हणजे रात्रीपर्यंत नासत नाही. कॅन त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

निघण्याआधी माझ्या सूचना चार मिनिटांच्या असतात. अत्तर, बॉडी स्प्रे मारला असेल तर शर्ट बदला, कारण पाऊस सरला की कड्यांवर आग्या मोहोळं परत यायला लागतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा त्यांना खपत नाही. झुडपाला हात घालण्याआधी बघा, हिरव्या फांदीवर हिरवा चापडा, विषारी साप, बसलेला दिसत नाही. पुढच्या माणसाच्या बरोब्बर खाली उभं राहू नका. आणि कुणीही कुणाला "जमेल रे" म्हणायचं नाही. यावर सगळे हसतात. मी हसत नाही.

या दोन शब्दांनी मला जितका त्रास दिलाय तितका कुठल्या कातळाने दिलेला नाही. माणूस बिचकलेला असतो, पाय थरथरत असतात, त्याला खरं तर थांबायचं असतं. तेवढ्यात मागून मित्र, नवरा, भाऊ कुणीतरी प्रेमाने ते वाक्य टाकतो. मग तो माणूस लाजेखातर पुढे सरकतो आणि अशा जागी अडकतो जिथून मागेही येता येत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, जिवलग मित्र यांना दोरावर एकामागोमाग लावायचं नाही. मधे किमान दोन माणसं.

या तुकडीत एक जोडपं होतं. ताईंनी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केलेला. त्यांच्या दमाबद्दल शंका नव्हती, चढणीवर त्या सगळ्यांत पुढे होत्या. पण बेस कॅम्पच्या वाटेवर दिवसचे दिवस चालावं लागतं, उंचीचा त्रास सोसावा लागतो, कातळाला हात लावावा लागत नाही. दम आणि दृष्टीभय, म्हणजे उंचावरून खाली बघताना वाटणारी भीती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुलतबहिणीसुद्धा नाहीत.

जंगलातली चाल दोन-अडीच तासांची. गवत कमरेच्या वर, वाट त्यात बुडालेली, ढोरवाटा चारी दिशांना फुटलेल्या. मामा मधेच थांबून एखादं झाड बघायचे आणि वळायचे. सोनकीचा पिवळा बहर ओसरत आलेला, तेरडा सुकून शेंगा तडकायला लागलेला. कुसळं तर विचारू नका. तुकडीतले निवृत्त बँकवाले काका दर विसाव्याला बूट काढून मोजे साफ करत. मी सांगितलं, काका, ती आता सोमवारीच निघतील.

कड्याखालच्या ट्रॅव्हर्सवर पोचल्यावर ताईंचा वेग गेला. वाट तिथे पावलाएवढी, डावीकडे कातळ, उजवीकडे उतरतं गवत आणि मग काहीच नाही. त्या थांबल्या आणि कातळाला चिकटून उभ्या राहिल्या. चेहरा शांत, बोटं मात्र पांढरी. मी त्यांच्या नवऱ्याला काहीतरी काम देऊन मामांबरोबर पुढे धाडलं आणि माझ्या सहायकाला दोर बांधायला सांगितला. हा पोरगा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करून आलाय, गाठी सुरेख मारतो, बोलतो कमी. दोराला अडकवलेलं कॅरबिनर, म्हणजे धातूची कडी, हातात आल्यावर ताई पाच मिनिटांत पार झाल्या. दोराची गरज शरीराला नव्हतीच. पण गरज डोळ्यांना असली तरी मी दोर लावतो, त्यात माझं काय जातं? पाच मिनिटं जातात. ती गणितात धरलेली असतात.

अलंगचा पॅच. १८१८मध्ये मराठेशाही संपल्यावर इंग्रजांनी नाशिककडच्या अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून. अलंग-मदनच्या पायऱ्या त्यातच गेल्या. खाली कोरीव पायऱ्या, वर कोरीव पायऱ्या आणि मधे तुटलेला उघडा कातळ. खाली उभं राहून वर बघितलं की किल्ला बांधणाऱ्याचंही काम दिसतं आणि फोडणाऱ्याचंही. माझं पोट या फोडणाऱ्याच्या कामावर चालतं, हेही खरं.

मी आधी चढतो, खालून सहायक बिले देतो, म्हणजे मी पडलो तर दोर रोखून धरतो. आघाडीला डायनॅमिक दोर, कारण पडल्यावर तो ताणला जातो आणि धक्का शोषतो. उतरायला स्टॅटिक, तो फारसा ताणला जात नाही. वर कातळात ठोकलेले बोल्ट आहेत, पण मी कधी एका बोल्टवर माणूस टांगत नाही. दोन स्वतंत्र अँकर, भार दोन्हींवर सारखा, शिवाय स्वतःला बांधायला तिसरा. कुणीतरी मागे सोडलेली एक निळी स्लिंग, नायलॉनच्या पट्टीचा फास, तिथे लोंबत होती, उन्हाने पांढुरकी पडलेली. नायलॉन ऊन खाऊन कमजोर होतं, किती ते बाहेरून कळत नाही. चाकूने कापून खिशात टाकली. ती राहिली असती तर पुढच्या तुकडीतला कुणीतरी "आयती आहे" म्हणून तिच्यात अडकवणार.

मग सुरू होतं ते खरं काम, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बकल, गाठ, "चढतोय", "चढ", दोर घे, घे, घे. उजवा पाय वर, अजून वर, तिथे खाच आहे. बँकवाले काका सात मिनिटांत आले. फूटबॉल खेळणारा एक तरुण सतरा मिनिटांत, कारण तो हातांवर चढत होता. माणसाच्या पायात हातांपेक्षा कितीतरी जास्त ताकद असते, हे कातळाखाली कितीही सांगा, पटतं ते दंड भरून आल्यावरच. ताई आल्या, डोळे समोरच्या हातभर कातळावर ठेवून, एकदाही खाली न बघता. वर आल्यावर म्हणाल्या, "आता उतरायचं कसं हे आज सांगू नका." नाही सांगितलं.

२ वाजून २० मिनिटांनी शेवटचा गडी वर आला. पठारावर टाक्यांची रांग, वाड्याचे अवशेष, गुहा. गुहेत पोचताच मामांनी स्टोव्हवर दूध चढवलं. लाकडं पेटवायची नाहीत, मोहोळं खालीच आहेत.

चारच्या सुमाराला भंडारदऱ्याकडून गडगडलं. पाऊस पडला जेमतेम १० मिनिटं. तुकडीने तो नाचून साजरा केला. मी आणि सहायकाने एकमेकांकडे बघितलं. दोघांच्या डोक्यात उद्याचं वेळापत्रक मोडलं होतं.

संध्याकाळी आभाळ धुऊन लख्ख झालं. पूर्वेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. त्या बाजूने चंद्र वर आला. दक्षिणेला रतनगड, कात्राबाई, त्यामागे हरिश्चंद्रगडाची आडवी रेघ, खाली पाण्याचे तुकडे चमकत होते. जायफळ-वेलदोड्याचं दूध फिरलं. कुणीतरी अंताक्षरी सुरू केली, ती "ळ"वर अडली. मी कड्याच्या कडेपासून पन्नास पावलांवर मोबाइलच्या उजेडात डोकी मोजत बसलो होतो. कोजागरीला लक्ष्मी "को जागर्ति" विचारत फिरते म्हणतात. रात्री लघवीला उठणारा प्रत्येक माणूस कुठल्या दिशेला जातोय हे बघायला अलंगवर मी जागाच असतो. बघू, कधी देते का.

रविवार

निघायचं होतं साडेसहाला. निघालो साडेआठला. दोरावर थोडं ओलं चालतं, ट्रॅव्हर्सवर चालत नाही. ओल्या गवतावरून बूट सरकला तर थांबवायला खाली काही नाही. आणि ती बाजू सकाळी किल्ल्याच्याच सावलीत असते, त्यामुळे वाळायला वेळ घेते. कालच्या १० मिनिटांच्या पावसाने आमचे दोन तास खाल्ले, आणि त्या दोन तासांनी कुलंगवरचा मुक्काम खाल्ला. आज मदन करून थेट कुलंग चढायचा बेत होता. मी चहाबरोबरच सांगून टाकलं की आज मदन करून गावात उतरायचं, कुलंग उद्या, ज्यांना सुट्टी आहे त्यांनी. कुरबूर झाली. एकाने विचारलं, "हेडटॉर्च आहेत ना सगळ्यांकडे?" आहेत. रात्री झोपण्याच्या जागेपासून टाक्यापर्यंत जायला.

रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचं, एक गुपित आहे. चढताना भीती हळूहळू वाढत जाते, उतरताना ती सगळी पहिल्या पावलात असते. कड्याकडे पाठ करून, रिकाम्या हवेत मागे झुकायचं आणि वजन दोरावर सोडायचं. हे पाऊल टाकलं की पुढचं सोपं. म्हणून मी वर, त्या पहिल्या पावलापाशी उभा राहतो, खाली सहायक दोर धरून. ताईंच्या वेळी मी काहीच बोललो नाही, फक्त डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायचं साधन, आणि सुरक्षेचा दुसरा दोर त्यांच्याच हातांनी लावून घेतला. स्वतः लावलेल्या गोष्टीवर माणूस जास्त भरवसा ठेवतो. त्या तीन मिनिटं उभ्या राहिल्या, मग गेल्या.

अलंग-मदनच्या खिंडीत पोचायला सव्वाअकरा झाले. ऊन चढलं होतं, कातळ हाताला भाजत होता. मदनच्या पायऱ्या वर निघतात आणि पुन्हा तेच, तुटलेला भाग, साधारण ५० फुटांचा. हा पॅच अलंगपेक्षा जास्त अंगावर येतो, कारण त्याच्या पायथ्याशी उभं राहायलाच जागा कमी.

खिंडीतच ताई म्हणाल्या, "मी थांबते." त्यांचे यजमान तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "उत्तम. मामा थांबतील तुमच्यासोबत." आणखी दोघांनी लगेच हात वर केला. एकाने नाही म्हटलं की बाकीच्यांची सोय होते, हे दर वेळी बघतो. वर गेलो ते सहा जण. यजमान वर येऊन सतत खाली खिंडीकडे बघत होते, काय काय दिसतंय ते ओरडून सांगत होते. मोहोळांची आठवण करून दिली तेव्हा थांबले.

पुष्कळदा विचारतात, न चढणाऱ्याचे पैसे फुकट गेले असं वाटत नाही का? मला वाटत नाही. पायथ्याला स्वतःच्या तोंडाने "नाही" म्हणणारा माणूस गाइडला लाखमोलाचा. पॅचच्या मध्यावर "नाही" म्हणणाऱ्यासाठी मला खाली उतरून त्याला सोडवावं लागतं, आणि तेवढा वेळ बाकीची माणसं उन्हात, वीतभर जागेत, अँकरला लटकून बसतात.

मदनच्या माथ्यावर एकीकडे अलंग, दुसरीकडे कुलंग, मधे आपण. सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. मी माथ्यावर १५ मिनिटं दिली आणि ती घड्याळ लावून दिली. तीनपर्यंत सगळे खाली. मामा ताईंसोबत बसले होते, म्हणजे झोपले होते. ताईंनी त्यांच्या चपला सावलीत सरकवून ठेवल्या होत्या.

सहाच्या सुमाराला आंबेवाडी. मामींनी नाचणीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा केला होता. बुटाचे सोल गेले दोन, दोन्ही डावे. चार जण रात्रीच मुंबईला निघाले, त्यात ताई आणि यजमान होते. जीपमध्ये बसताना ताईंनी पॅच चढण्याचा सराव कुठे करता येईल ते विचारलं. मुंबई-पुण्यात कृत्रिम भिंती आहेत, तिथे आठवड्यातून दोनदा जा, म्हटलं. मग मदन.

सोमवार

कुलंगला पाच जण. सॅक हलक्या, दोर गावातच. आणि म्हणूनच कुलंग मला दिसतो. अलंग-मदनवर माझ्या नजरेत बकलं असतात, गाठी असतात, कुणाची पाण्याची बाटली संपलीय ते असतं. किल्ला असतो कुठेतरी मागे. कुलंगला पाय चालवायचे आणि माणसांना मोकळं सोडायचं.

चाल मात्र पायांची पिसं काढते. जंगल संपलं की कातळकोरीव पायऱ्या लागतात, गुडघाभर उंचीच्या, काही झिजून उतरत्या झालेल्या, संपता संपत नाहीत. बँकवाले काका दर वीस पायऱ्यांना थांबत आणि दर थांब्याला खाली वळून "अरे वा" म्हणत. मला हा माणूस आवडला. दमल्याचं दाखवत नाहीत म्हणून नव्हे, ते उघड दाखवत होते. पण थांबण्याची त्यांना लाज नव्हती. त्यांचा वेग सकाळी आठला जो होता तोच दुपारी बाराला. पंचविशीतले दोघे त्यांच्यापुढे धावले आणि त्यांच्यामागून पोचले.

वर गेल्यावर मी त्यांना सगळ्यात आधी पाणी दाखवतो. खोदीव टाक्यांची ओळ आहेच, पण माथ्यावरच्या घळीत पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला बांधलेली भिंत आहे, तिथे मी जास्त वेळ काढतो. एवढ्या उंचीवर, कड्याच्या टोकाला, कुणीतरी उतार बघून, पावसाचा अंदाज घेऊन ही जागा नेमकी निवडली. लोक दरवाजे, बुरूज शोधतात. शिबंदी वर टिकायची ती या भिंतींवर आणि टाक्यांवर. किल्ल्यावर पाणी कुठे मुरतं, कुठे साठतं, एप्रिलमध्ये कुठलं टाकं कोरडं पडतं, हे मामांना पाठ आहे. मला त्यातलं निम्मं.

टाक्याचं पाणी गाळून, थेंब टाकून प्यायलो. जेवलो. उतरताना गुडघे बोलले. चारला गावात. पाचही जण आपापल्या गाड्यांना लागले, सहायक त्यांच्याबरोबर कसाऱ्यापर्यंत गेला. मी राहिलो.

मंगळवार

सकाळी अंगणात दोर पसरले. हा माझा नेहमीचा कार्यक्रम आहे, एकेक वीत बोटांमधून सरकवत जायचं. डोळ्यांना न दिसणारं बोटांना कळतं. जुन्या स्टॅटिक दोरात टोकापासून थोड्या अंतरावर एक जागा मऊ लागली, वाकवल्यावर दोर तिथे गोल न वळता चपटा मोडला. आतला गाभा गेला. तो दोर आता माणसाच्या कामाचा नाही. मामा बघतच होते. "म्हशीला चालंल?" चालेल. पण बाजारात कुणी चढायला मागितला तर द्यायचा नाही, म्हणून मी सगळ्या दोराचे दहा-दहा फुटांचे तुकडे केले. मामांचा जीव हळहळला.

मग वावरात. हळवं भात पिवळं धमक उभं, शनिवारच्या पावसाने एका कोपऱ्यात आडवं झालेलं. आडव्या भाताची सोंगणी सगळ्यात वाईट, मूठ नीट भरत नाही. मामींचा इळा माझ्या दुप्पट वेगाने चालत होता आणि त्यांच्या मागे पडलेल्या मुठी एकसारख्या. माझ्या मुठी बघून मामा म्हणाले, "तुझ्या पोरांना दोरावर दहा मिन्टं लागत्यात म्हन्तोस. तुला हितं येका वाफ्याला अर्धा दिस."

तीनच्या सुमाराला फोन वाजला. पुढच्या महिन्यासाठी कुणी विचारत होतं, बारा जण आहोत, अलंग-मदन-कुलंग दोन दिवसांत होईल का. मी म्हटलं, आठ जण आणि तीन दिवस. ते म्हणाले, विचारून सांगतो. तेवढ्यात भंडारदऱ्याच्या अंगाला ढग चढायला लागले, मामींनी इळा खोचला आणि कापलेलं सगळं झाकायच्या आत उचलायला हाक दिली. पेंढ्या बांधायला सुतळी पुरेना. मामा घराकडे धावले आणि सकाळचे दहा फुटी तुकडे घेऊन आले.